आकड्याचा कौल

६९ आणि ७० यांच्यात अंतर किती? बाजारात एका रुपयाचे. २०१८ साली केंद्र सरकारने बौद्धिक अक्षमता ठरवण्यासाठी जो तक्ता दिला, त्यात मात्र हे अंतर एका मुलाच्या सबंध शालेय आयुष्याएवढे आहे. व्हाइनलँड नावाच्या सामाजिक परिपक्वतेच्या मोजपट्टीवर ५५ ते ६९ गुण पडले तर अक्षमता ५० टक्के, ७० ते ८४ पडले तर २५ टक्के. कायद्यातल्या बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. म्हणजे ६९ गुणांच्या मुलाला शिक्का मिळतो आणि त्यासोबत काही हक्कही मिळतात. ७० गुणांच्या मुलाच्या वाट्याला फक्त शिक्का येतो.

वेंगुर्ल्याहून आपल्या मुलाला घेऊन ओरोसच्या जिल्हा रुग्णालयाची पायरी चढणाऱ्या आईला हा तक्ता ठाऊक नसतो. तिला शाळेने पाठवलेले असते. ‘ह्याच्या डोक्यात काही शिरत नाही, एकदा तपासून घ्या’ एवढेच तिला सांगितलेले असते. ती परत येते तेव्हा हातात एक कागद असतो आणि कागदावर एक आकडा. त्या दिवसापासून घरात, शाळेत आणि वाडीत तो आकडा मुलाच्या आधी पोचतो.

रेघ कुठे ओढली याबद्दल माझी तक्रार नाही. शासनाला ती कुठेतरी ओढावीच लागते. माझी तक्रार त्या आकड्यावरच्या श्रद्धेबद्दल आहे. रक्तातले हिमोग्लोबिन मोजावे तशी मुलाची बुद्धी मोजली गेली, असे कारकुनापासून मुख्याध्यापकांपर्यंत सगळे धरून चालतात. चाचणी घेणाऱ्यांपैकीही अनेकजण तसेच धरून चालतात, आणि दुःखाची बाब ही आहे. बुद्ध्यांक हा मुलाच्या डोक्यातून काढलेला पदार्थ नव्हे. एका अनोळखी माणसाने ठरावीक प्रश्न विचारले, मुलाने काही उत्तरे दिली, ती उत्तरे कधीतरी कुठेतरी तपासलेल्या दुसऱ्या मुलांच्या उत्तरांशी ताडून पाहिली. त्या तुलनेचे नाव बुद्ध्यांक. मग ती दुसरी मुले कोण होती, हा पहिला प्रश्न असायला हवा. तो कोणी विचारत नाही.

आमच्या तालुक्यात कौल म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. देवाच्या अंगावर पाकळ्या लावायच्या, गाऱ्हाणे घालायचे, उजवी पडली की होकार, डावी पडली की नकार. शिकलेला माणूस याला अंधश्रद्धा म्हणतो आणि मी त्याच्याच बाजूचा आहे. पण हाच शिकलेला माणूस तासाभराच्या प्रश्नोत्तरांतून निघालेल्या आकड्यापुढे मान तुकवतो, तेव्हा त्याने श्रद्धा टाकली असे कसे म्हणावे? त्याने फक्त देऊळ बदलले. आणि देवळातला कौल मनाजोगा पडला नाही तर पुन्हा लावायची मुभा तरी असते. मुलाच्या दाखल्यावर एकदा चढलेला आकडा पुन्हा तपासायचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

बुद्ध्यांकाच्या मोजपट्टीचा जन्म भल्या हेतूने झाला होता. १९०५ साली पॅरिसमध्ये आल्फ्रेड बिने यांनी सहकारी सिमाँ यांच्यासह पहिली चाचणी तयार केली. वर्गात मागे पडणाऱ्या कोणत्या मुलांना जास्तीची मदत लागेल, हे शिक्षकाच्या मर्जीवर न सोडता शोधून काढावे, एवढीच त्यांची कामना होती. बुद्धी ही जन्माला येताना मोजून दिलेली, कधी न वाढणारी वस्तू आहे, या समजुतीचा बिने यांनी स्पष्ट निषेध केला होता. १९११ साली ते वारले आणि त्यांची पट्टी ज्यांच्या हाती गेली त्यांनी नेमकी तीच समजूत उचलून धरली.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या व्हाइनलँड येथे मंदबुद्धी मानलेल्या मुलांची एक संस्था होती. तिथल्या हेन्री गोडार्ड यांनी बिनेची चाचणी अमेरिकेत आणली, ‘मोरॉन’ हा शब्द घडवला आणि १९१३ मध्ये आगबोटीतून नुकत्याच उतरलेल्या, थकलेल्या, इंग्रजी न समजणाऱ्या स्थलांतरितांची परीक्षा घेऊन त्यांतल्या बहुतेकांना मंदबुद्धी ठरवले. १९१६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लुईस टर्मन यांनी चाचणीची सुधारित आवृत्ती काढली आणि त्याच ग्रंथात, कृष्णवर्णीय, मेक्सिकन आणि मूळ अमेरिकन घरांतल्या मुलांचे कमी गुण हे त्यांच्या वंशाचे लक्षण असावे, असे लिहून टाकले. हे वेडसर माणसांचे उद्गार नव्हते. त्या काळच्या मानसशास्त्राचे हे अग्रणी होते.

यापुढची गोष्ट वेंगुर्लेकरांनी जरा थांबून वाचावी. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यातल्या सतरा लाखांहून अधिक जवानांची बुद्धी मोजण्यात आली. प्रश्न कसले? क्रिस्को हे औषध आहे, जंतुनाशक आहे, दंतमंजन आहे की खाद्यपदार्थ? अमेरिकेत दुकानांतून फिरलेल्यालाच याचे उत्तर यावे. प्रिन्स्टन विद्यापीठाचे मानसशास्त्रज्ञ कार्ल ब्रिगॅम यांनी या आकड्यांवर ग्रंथ लिहिला आणि १९२३ मध्ये त्याच विद्यापीठाच्या मुद्रणालयाने तो छापला. ब्रिगॅम यांच्यासमोर एक लख्ख पुरावा होता. स्थलांतरित माणूस अमेरिकेत जितकी जास्त वर्षे राहिला तितके त्याचे गुण वाढलेले दिसत होते. वीस वर्षे राहिलेल्यांचे गुण तिथेच जन्मलेल्यांच्या जवळ पोचत होते. यातून एकच सरळ निष्कर्ष निघतो: चाचणी बुद्धी मोजत नव्हती, अमेरिकेची ओळख मोजत होती. ब्रिगॅम यांनी तो काढला नाही. आधी आलेले लोक चांगल्या वाणाचे होते आणि नंतर आलेले हलक्या वाणाचे, असे त्यांनी ठरवले. १९२४ मध्ये अमेरिकेने स्थलांतरितांना दार लावून घेतले, तेव्हा अशा ‘शास्त्रीय’ निष्कर्षांचा बोलबाला होता. १९३० साली ब्रिगॅम यांनी आपले म्हणणे निराधार होते असे स्वतःच लिहून मागे घेतले. त्यांचा हा प्रामाणिकपणा मी मानतो. परंतु त्यामुळे कायदा मागे घेतला गेला नाही.

ब्रिगॅम यांचा ग्रंथ निघाला तेव्हा वेंगुर्ल्यात अमेरिकन मिशनच्या डॉक्टर गोहीन यांच्या घरी चार वर्षांचा एक मुलगा वाढत होता. १९१९ साली वेंगुर्ल्यात जन्मलेला हा रॉबर्ट गोहीन १९५७ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष झाला, आणि त्याच्याच कारकिर्दीत १९६९ साली त्या विद्यापीठाने मुलींना पदवीच्या वर्गांत प्रवेश दिला. त्याच वेंगुर्ल्यात, १९१९ सालीच, रापणकराच्या घरीही मुले जन्मली असतील. त्यांच्यातून कोणी प्रिन्स्टनला गेल्याचे ऐकिवात नाही. याचे कारण कवटीत शोधायचे की घरातल्या पुस्तकांत, शाळेच्या अंतरात आणि बापाच्या मिळकतीत? ज्याला कवटीत शोधायचे असेल त्याने आधी बाकीची कारणे काढून टाकून दाखवावी.

‘हे सारे परमुलखातले. तिथे वंशद्वेष होता, आपला काय संबंध?’ असा आक्षेप येईल म्हणून सांगतो. टर्मन यांच्या चाचणीचे मराठी आणि कानडी रूप डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात सिद्ध केले आणि त्यावरचा त्यांचा ग्रंथ १९४० साली ऑक्सफर्डने छापला. आपल्या मुलांना परक्या भाषेत तपासू नये ही त्यांची दृष्टी त्या काळी पुढची होती. परंतु ‘बिने-कामत’ या नावाने ती चाचणी देशभर वापरात राहिली आणि पिढ्या उलटल्या तरी दवाखान्यांतून हटली नाही. दुसरी गोष्ट त्याहून जवळची. पहिल्या परिच्छेदात मी ज्या मोजपट्टीचा उल्लेख केला, तिचे नाव ‘व्हाइनलँड’ का, हे आता वाचकाच्या ध्यानात आले असेल. गोडार्ड यांच्याच संस्थेतल्या एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये ती केली. मुलाला वयानुसार काय काय करता यावे याची ती यादी, आणि मूळ यादीत स्केट्स व बर्फावरची घसरगाडीही होती. ए. जे. मालिन यांनी नागपुरात तिचे भारतीय रूप केले, त्यात ८९ बाबी ठेवल्या. म्हणजे आपल्या मुलाच्या प्रमाणपत्रावरचा आकडा न्यू जर्सीहून नागपूरमार्गे ओरोसला आला आहे. परदेशातून आला म्हणून तो खोटा ठरत नाही. देवीची लसही परदेशातूनच आली. परंतु प्रवासात घसरगाडी गळली तरी एक गृहीतक तसेच राहिले: शहाणे मूल म्हणजे पट्टी करणाऱ्याच्या घरातल्यासारखे मूल.

वेंगुर्ल्याजवळच्या उभादांड्यावरचा आठ वर्षांचा एखादा मुलगा डोळ्यांपुढे आणा. घरात मालवणी बोलतात. शाळेत पुस्तकी मराठी. तपासणीच्या खोलीत अनोळखी बाई किंवा साहेब, हातात घड्याळ, आणि प्रश्न आणखी वेगळ्या मराठीत. मोठ्या माणसासमोर उलटून बोलू नये असे त्याला घरी शिकवलेले. तो गप्प राहतो. फार आग्रह केला तर म्हणतो, ‘माका ठावक नाय.’ कागदावर शून्य पडते. त्याच्या गप्प राहण्यात अदब आहे, अंदाज घेणे आहे, थोडी भीती आहे. उत्तरपत्रिकेत यांपैकी कशालाही रकाना नाही.

आता उलट करून पाहू. याच मुलाला उधाण कोणत्या तिथीला आणि भांग कोणत्या तिथीला ते विचारा, मतलई वारा कोणत्या वेळी सुटतो ते विचारा, टोपलीतल्या पेडव्यांतून तारली वेगळी काढायला सांगा. मग हेच प्रश्न पुण्यातल्या चांगल्या शाळेतल्या आठ वर्षांच्या मुलाला विचारा. पुण्याच्या मुलाला शून्य पडेल आणि त्याला कोणी मंद म्हणणार नाही. ‘त्याला सवय नाही’ असे म्हणतील. बरोबरच आहे ते. मग हे समजूतदार वाक्य दांड्यावरच्या मुलाच्या वाट्याला का येत नाही? अमेरिकेत रॉबर्ट विल्यम्स या कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञाने १९७२ मध्ये असाच प्रयोग खरोखर केला. कृष्णवर्णीयांच्या बोलीतल्या शंभर शब्दांची चाचणी रचली, आणि तिच्यात गोरी मुले मागे पडली. त्याआधी १९६८ साली कृष्णवर्णीय मानसशास्त्रज्ञांनी स्वतःची संघटना काढून, आमच्या मुलांवर या चाचण्या वापरणे थांबवा, अशी मागणी केली होती. कॅलिफोर्नियात खटला झाला. मुलांची बोली समजणाऱ्या तज्ज्ञांनी पुन्हा तपासले तेव्हा मंद ठरवलेल्या मुलांचे गुण वाढले. १९७९ मध्ये न्यायालयाने बुद्ध्यांकाच्या आधारे कृष्णवर्णीय मुलांना मंदांच्या वर्गात टाकण्यास मनाई केली. आणि २०२१ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या मानसशास्त्रीय संघटनेने वंशभेद जोपासण्यातल्या आपल्या वाट्याबद्दल जाहीर माफी मागितली.

संस्थेचा पूर्वग्रह म्हणजे संस्थेतल्या माणसांचा द्वेष नव्हे. खोलीत बसलेली बाई प्रेमळ असेल, मुलाला बिस्किटही देईल. पूर्वग्रह तिच्या मनात असण्याची गरजच नाही. तो तिच्या हातातल्या पेटीत असतो. कोणत्या भाषेत त्या बाईचे शिक्षण झाले, कोणत्या मुलांवरून सरासरी काढली, एका मुलाला किती मिनिटे मिळतात, अहवालाच्या छापील नमुन्यात काय विचारले आहे आणि काय विचारलेले नाही, यात तो असतो. म्हणून तो चांगुलपणाने जात नाही.

आणि आपल्याकडे या पेटीला आयती बैठक मिळाली. बुद्धी जन्मातून येते, काही घराण्यांत ती असते, काहींत नसते, ही समजूत टर्मन यांच्या कितीतरी आधीपासून इथे नांदत होती. २६ जुलै १९०२ रोजी शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखल्या आणि १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, तेव्हा त्यांना याच समजुतीशी झगडावे लागले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तर काही जमातींतल्या पाळण्यातल्या पोरालाही जन्माने गुन्हेगार ठरवले होते. ‘त्यांच्या जातीलाच शिक्षण नको असते’ हे वाक्य आज शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने बोलले जात नाही. त्याची जागा ‘आयक्यू कमी आहे’ या वाक्याने घेतली तर फक्त भाषा सभ्य झाली, माणूस नाही.

या बाबतीत मला मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांची आठवण होते. १९२० च्या दशकाच्या अखेरीस त्या शिकायला बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशशुद्धीच्या विचाराचे मोठे नाव. युरोपीय माणसाच्या कवटीची ठेवण त्याच्या श्रेष्ठ बुद्धीची खूण असावी, अशा अटकळीवर इरावतीबाईंना काम करायचे होते. त्यांनी कवट्या मोजल्या आणि वंशानुसार तसा काही फरक दिसत नाही असे लिहिले. परक्या देशात, पदवी ज्याच्या हाती त्याच प्राध्यापकाच्या मताविरुद्ध. मोजणाऱ्याने पट्टीशी नव्हे तर दिसलेल्या गोष्टीशी इमान ठेवावे, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या मानसतज्ज्ञांना शोधावे लागणार नाही.

‘पण घराण्याघराण्यांत फरक दिसतो, तो डोळ्यांआड कसा करायचा?’ करू नका. आमच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या वेंगुर्ला-४ काजूची दोन कलमे घ्या. एकाच झाडाच्या फांद्या त्या, वाणात काडीचा फरक नाही. एक कातळावर लावा, एक खत-पाणी घातलेल्या खड्ड्यात. पाच वर्षांनी उत्पन्न सारखे येत नाही आणि कोणी बागायतदार कातळावरच्या कलमाला ‘जातच वाईट’ म्हणत नाही. खड्डा कोणी खणला नाही, हे तो आधी पाहतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. चाचणी काढून टाकली तर पुन्हा शिक्षकाची मर्जी, आणि मर्जी आकड्याहून वाईट. शिवाय आकडा कमी आला तरच मुलाला पैसे, सवलत, खास शिक्षक मिळतो. मग ओरड कशाला? मी चाचण्या बंद करा असे म्हणत नाही. बिने यांच्या हेतूने त्या वापरा एवढेच म्हणतो. आणि जुनी पट्टी गरजू मुलाच्याही विरुद्ध जाते, हे ध्यानात घ्या. जेम्स फ्लिन यांनी दाखवून दिले की पिढ्यांगणिक बुद्धिचाचणीतले गुण वाढत जातात. दर दशकाला साधारण तीन गुण. म्हणून कित्येक दशकांपूर्वीच्या मुलांशी तुलना केली की आजच्या मुलाचा आकडा फुगतो. ज्याला खरोखर मदत हवी त्याचा बुद्ध्यांक ७० च्या वर जातो आणि तो हक्काला मुकतो. परकी भाषा आकडा खाली ओढते, जुनी सरासरी वर ढकलते. एकाच कागदावर दोन चुका विरुद्ध दिशांनी होतात आणि त्यांची बेरीज आपण सत्य म्हणून फाइलला लावतो.

वर्गभेद आणखी एका ठिकाणी उघडा दिसतो. वाचता-लिहिता न येणारा मुलगा मुंबईतल्या सुस्थितीतल्या घरात असेल तर पालक धावपळ करतात, त्याला अध्ययन अक्षमता असल्याचा दाखला आणतात, दहावीच्या परीक्षेत जादा वेळ मिळवतात. तो त्याचा हक्कच आहे. पण हा दाखला मिळायला बुद्ध्यांक सर्वसाधारण असावा लागतो, आणि बुद्ध्यांक ज्या शब्दसंग्रहावर तोलला जातो तो सुस्थितीतल्या घरात फुकट मिळतो. तीच अडचण वेंगुर्ल्यातल्या मजूर बाईच्या मुलाला असली तर तो एकतर ‘ढ’ राहतो, नाहीतर मंद ठरतो. एकाच त्रासाची दोन नावे, आणि नाव कोणते पडेल हे घरातल्या कपाटावर ठरते.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी, नाहीतर माझ्या लेखातून नवाच अन्याय होईल. चुकीने मंद ठरवलेल्या मुलाबद्दल बोलताना खरोखर बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला आपण कमी लेखता कामा नये. आरवलीचे जयवंत दळवी यांनी ‘नातीगोती’ या नाटकात अशा मुलाच्या आईबापांचे जगणे रंगभूमीवर आणले. त्या मुलाचा मान त्याच्या गुणांवर अवलंबून नाही, कोणाचाच नसतो. ‘माझा मुलगा तसला नाही हो’ असे आई कळवळून सांगते, तेव्हा ‘तसला’ या शब्दात आपण किती दगड भरून ठेवले आहेत ते ऐकू येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘मतिमंद’ हा शब्द मागे टाकला. शाळेच्या ओटीवर तो अजून बसलेला आहे.

आकड्यावरच्या श्रद्धेचे आणखी एक रूप आहे. २०१३ मध्ये अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्यामुळे भूत काढणाऱ्याला जाब विचारण्याचा धीर पुष्कळांना आला. तोच धीर बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी सांगणाऱ्या डीएमआयटीच्या दुकानदारांपुढे दिसत नाही. त्या प्रकाराला शास्त्राचा आधार नाही, तरी सुशिक्षित पालक हजारो रुपये मोजतात, कारण अहवाल रंगीत असतो आणि त्यात आकडे असतात.

मागण्या मोठ्या नाहीत. तपासणीआधी मुलाचे कान आणि डोळे तपासा. ऐकू न येणारे मूल मंद ठरणे ही लाजेची गोष्ट आहे. मालवणी जाणणारा माणूस खोलीत असू द्या. सिंधुदुर्गात तो शोधायला दूर जावे लागणार नाही. एका बैठकीवर निकाल देऊ नका. आकडा शाळेच्या हजेरीपटापर्यंत पोचू देऊ नका; प्रवेशाच्या वेळी मुलांची चाळणी करायला शिक्षणहक्क कायद्याच्या तेराव्या कलमाने आधीच बंदी आहे, मग वर्गात बसवल्यावर चाळणी कशासाठी? आणि आईला समोर बसवून तिच्या भाषेत सांगा, की ही चाचणी कोणत्या साली, कोणत्या मुलांवर बेतलेली आहे. तिने विचारले नाही तरी सांगा.

अहवालाच्या छापील कागदावर आज मुलाचे नाव, वय, इयत्ता आणि गुण यांचे रकाने असतात. त्यांच्या खाली आणखी दोन ओळी छापायला फारसा खर्च येणार नाही: प्रश्न कोणत्या भाषेत विचारले, आणि मूल घरी कोणत्या भाषेत बोलते.